अपडेट अर्धवट राहिलं आणि पीसी सुरूच होत नाही: फॉरमॅट मारण्याआधी काय काय करायचं

विंडोजचं अपडेट चालू असताना लाईट गेली, किंवा टक्के पुढे सरकत नाहीत म्हणून कोणी कंटाळून बटण दाबलं, आणि त्यानंतर डेस्कटॉप काही केल्या आत शिरत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे दुकानदार, वकील, शाळेचे लिपिक, सेवा केंद्र चालवणारे, सगळ्यांनाच हे कधी ना कधी भोगावं लागतं. मग पहिलं वाक्य कानावर येतं, "भाऊ, फॉरमॅट मारावं लागेल." बहुतेक वेळा तशी गरज नसते. अर्धवट अपडेटमध्ये विंडोजच्या काही फायली नव्या आणि काही जुन्या राहतात, त्यामुळे ते उभं राहत नाही. तुमचे स्कॅन केलेले दाखले, टॅलीमधली कंपनी, फोटो जागच्या जागी असतात. ते जातात नंतरच्या घाईत. म्हणून खालचा क्रम मोडू नका: आधी थांबणं, मग पाहणं, मग डेटा बाहेर काढणं, मग अपडेट उलटवणं. फॉरमॅट अगदी शेवटी.

हे सगळं विंडोज १० आणि ११ असलेल्या डेस्कटॉपसाठी आहे.

हाताशी काय हवं

- दुसरा चालू कॉम्प्युटर आणि इंटरनेट. विंडोजचा इन्स्टॉलर पाच जीबीच्या आसपास किंवा जास्त भरतो, तेवढा डेटा पॅक ठेवा.
- किमान ८ जीबीचा एक पेन ड्राइव्ह इन्स्टॉलरसाठी. त्यावरचं सगळं पुसलं जाईल, म्हणून रिकामाच घ्या.
- डेटासाठी वेगळा मोठा पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क.
- वायरचा कीबोर्ड आणि माउस. ब्लूटूथचा कीबोर्ड रिकव्हरीच्या स्क्रीनवर सहसा चालत नाही.
- स्टार स्क्रूड्रायव्हर, मऊ ब्रश, पेन्सिलीचं पांढरं खोडरबर, सीआर २०३२ नंबरचा एक नवा सेल.
- कागदावर लिहून ठेवलेलं: मायक्रोसॉफ्ट खात्याचा ईमेल आणि पासवर्ड, बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) ४८ अंकी की, टॅलीचा सिरीयल नंबर, डिजिटल सिग्नेचर टोकनचा पासवर्ड.
- मशीन वॉरंटीत असेल तर बिल. ब्रँडेड पीसीची पेटी उघडण्याआधी वॉरंटीच्या अटी वाचून घ्या.

१. आधी थांबा, आणि विजेची सोय करा

स्क्रीनवर टक्के किंवा फिरणारे ठिपके दिसत असतील तर पेटीवरचा हार्ड डिस्कचा छोटा दिवा बघा. तो लुकलुकत असेल तर काम चालू आहे. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर मोठं अपडेट दोन-तीन तास सहज घेतं. अपडेट फसल्यावर विंडोज स्वतःच केलेले बदल मागे घेऊ लागतं, तसा संदेशही येतो, आणि या मागे घेण्यालाही तितकाच वेळ लागू शकतो. इथे बटण दाबणं म्हणजे बरी होत असलेली जखम पुन्हा उघडणं. दिवा तासभर पूर्ण शांत आणि टक्के जागेवरच असतील, तेव्हाच पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा.

दुरुस्ती सुरू करायची तर वीज कशावर टिकणार ते आधी ठरवा. टेबलाखालचा ६०० व्हीएचा यूपीएस साध्या पीसीला नव्या बॅटरीवर दहा-पंधरा मिनिटं देतो. पीसी नीट बंद करायला तेवढं पुरतं, अपडेट किंवा दुरुस्ती पूर्ण करायला नाही. त्यात त्या १२ व्होल्ट ७ एएचच्या बॅटरीचं आयुष्य उष्णतेने झपाट्याने घटतं. साधारण २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना ते निम्मं होतं असं धरतात, आणि भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. दोन उन्हाळे काढलेली बॅटरी कागदावरची मिनिटं देणार नाही, हे गृहीत धरा.

घरात किंवा दुकानात इन्व्हर्टर असेल तर पीसी त्याच्या लाइनवर घ्या आणि इन्व्हर्टरवरचं बटण 'यूपीएस' मोडवर करा. 'नॉर्मल' मोडमध्ये लाईट जाताना जो क्षणभराचा खंड पडतो तो पंख्याला कळत नाही, पण पीसी रिस्टार्ट होऊ शकतो. पीसी यूपीएसला आणि यूपीएस इन्व्हर्टरला जोडला असेल तर स्वस्त यूपीएस इन्व्हर्टरची चौकोनी लाट ओळखत नाही आणि बॅटरीवरच चालत राहतो. लाईट नसताना यूपीएस सारखा बीप करत असेल तर हेच कारण.

२. गाडी नेमकी कुठे अडते ते पाहा

'चालू होत नाही' या एका तक्रारीत पाच वेगळे बिघाड असतात.

*पंखाही फिरत नाही.* अपडेटचा संबंध नाही. भिंतीवरचा बोर्ड, वायर, मागचा स्विच, एसएमपीएस (पेटीतला वीज पुरवणारा डबा) तपासा.

*पंखे फिरतात, पण स्क्रीनवर काहीच नाही, कंपनीचा लोगोसुद्धा नाही.* विंडोजपर्यंत गोष्ट पोहोचलेलीच नाही. रॅम, मॉनिटरची केबल किंवा बायोस (विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डमधला प्रोग्राम). पायरी ३.

*लोगो येतो आणि मग 'बूट डिव्हाइस सापडलं नाही' अशा अर्थाचा संदेश.* डिस्क दिसत नाही किंवा बायोसची सेटिंग बदलली आहे. हेही पायरी ३ मध्ये.

*लोगो, फिरणारे ठिपके, मग निळी स्क्रीन किंवा पुन्हा पुन्हा रिस्टार्ट.* हा खरा अर्धवट अपडेटचा प्रकार. विंडोज ११ च्या ताज्या आवृत्त्यांत ही एररची स्क्रीन काळी असते, गोंधळू नका. खालच्या एररच्या नावाचा मोबाईलने फोटो काढून ठेवा.

*काळी स्क्रीन, पण माउसचा बाण हलतो.* विंडोज चालू आहे, चित्र अडलंय. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबा, ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. नाही जमलं तर कंट्रोल-ऑल्ट-डिलीट, टास्क मॅनेजर, 'रन न्यू टास्क', आणि तिथे 'एक्सप्लोरर डॉट ईएक्सई'. डेस्कटॉप आला तर बाकी पायऱ्या सोडून थेट पायरी ९ वर जा.

३. पेटी आणि बायोस

प्लग काढा, पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला करंट निघून जाईल. प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचं यंत्र, डोंगल, पेन ड्राइव्ह सगळं काढा. फक्त कीबोर्ड, माउस, मॉनिटर ठेवून चालू करून बघा. अडकलेला पेन ड्राइव्ह बूटच्या रांगेत पहिला असल्यामुळेही पीसी अडतो.

तरीही स्क्रीन काळी असेल तर प्लग काढलेला ठेवून पेटी उघडा. आपल्याकडच्या कोरड्या धुळीचा आणि जिनिंग असलेल्या गावात कापसाच्या तंतूंचा थर रॅमच्या खाचेत बसतो. हात लावण्याआधी पेटीच्या रंग नसलेल्या पत्र्याला स्पर्श करा. रॅम काढा, सोनेरी पट्टी खोडरबराने हलकी घासा, कण झटका, 'टक' आवाज येईपर्यंत दाबून बसवा. दोन रॅम असतील तर एकेक लावून पाहा. डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या साटा केबलची दोन्ही टोकं काढून परत लावा.

आता इथली सगळ्यात फसवी गोष्ट. मदरबोर्डवरचा गोल सेल चार-पाच वर्षांनी उतरतो. वीज असते तोवर ते कळत नाही. लाईट पूर्ण गेली की बायोस आपल्या सगळ्या सेटिंग विसरून मूळपदावर येतो. तारीख मागे जाते, आणि कधी कधी डिस्कचा मोड 'एएचसीआय' आणि 'रेड' यांत, किंवा बूटचा प्रकार 'यूईएफआय' आणि 'लेगसी' यांत बदलतो. मग 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' अशी एरर येते आणि दोष अपडेटच्या माथी बसतो, कारण दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडलेल्या असतात. म्हणून विंडोजला हात लावण्याआधी बायोस उघडा. असेंबल केलेल्या पीसीत डिलीट, डेलला एफ२, एचपीला एफ१०, लेनोव्होला बहुधा एफ१. तारीख चुकलेली दिसली तर सेल बदला, तारीख लावा, डिस्कचा मोड बदलून एकदा सुरू करून पाहा. चालला नाही तर मोड होता तसा परत करा. बायोसच्या यादीत डिस्कचं नावच नसेल तर केबल किंवा डिस्क गेली आहे, पुढच्या सॉफ्टवेअरच्या पायऱ्यांनी काही होणार नाही.

डिस्कमधून टिक-टिक किंवा खरखर येत असेल तर इथेच थांबा. अशा डिस्कवर प्रत्येक नवा प्रयत्न डेटा कमी करतो.

४. रिकव्हरीच्या स्क्रीनपर्यंत पोहोचा

दोन वाटा आहेत. पहिली, ठिपके फिरू लागले की बटण दाबून बंद करणं, असं लागोपाठ दोन-तीनदा. मग विंडोज स्वतः दुरुस्तीची स्क्रीन आणतं. जुन्या हार्ड डिस्कला हे धक्के देऊ नयेत असं माझं मत.

दुसरी वाट जास्त चांगली. दुसऱ्या पीसीवर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून मीडिया क्रिएशन टूल घ्या, ८ जीबीचा पेन ड्राइव्ह बनवा. कुणाच्या तरी 'ॲक्टिव्हेटेड' म्हणून फिरणाऱ्या फाईलवरून तो बनवू नका. त्यात काय मिसळलंय ते कळत नाही, आणि तुमच्या पीसीवर लोकांचे आधार, बँकेचे कागद असतात. पेन ड्राइव्ह मागच्या यूएसबी पोर्टला लावा, चालू करताना बूट मेन्यूचं बटण दाबा: डेल, लेनोव्हो, गिगाबाइट एफ१२, एचपी एफ९, असुसचा बोर्ड एफ८, एमएसआय आणि ॲसरॉक एफ११. इन्स्टॉलची स्क्रीन आली की 'इन्स्टॉल'वर जाऊ नका, 'रिपेअर' असा उल्लेख असलेला पर्याय घ्या. मग 'ट्रबलशूट', मग 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'.

इथे निळ्या स्क्रीनवर बिटलॉकरची की मागितली गेली तर घाबरू नका. डिस्क एन्क्रिप्ट आहे, एवढाच अर्थ. ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने पीसी सुरू केला होता त्यात मोबाईलवरून लॉगिन करून 'डिव्हाइसेस'मध्ये की सापडते. स्क्रीनवरच्या की आयडीची पहिली आठ अक्षरं जुळवून घ्या. दुकानदाराने स्वतःच्या ईमेलने पीसी सुरू करून दिला असेल तर की त्याच्या खात्यात असते, त्याला फोन करा. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन अडली, तेव्हा इलाज मिनिटांचा होता, पण की शोधण्यात कित्येकांचे तास गेले. की नसेल तर त्या डिस्कवरचा डेटा कुणीही उघडून देऊ शकत नाही, तसं सांगणाऱ्याला पैसे देऊ नका.

५. दुरुस्तीआधी डेटा बाहेर काढा

'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये 'कमांड प्रॉम्प्ट' उघडा. आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या. 'नोटपॅड' टाइप करून एंटर दाबा. कोरं नोटपॅड उघडेल. त्यात 'फाईल', 'ओपन', आणि खाली 'ऑल फाइल्स' निवडा. ही छोटी खिडकीच आता तुमचा एक्सप्लोरर आहे. डावीकडे 'धिस पीसी'मध्ये सगळे ड्राइव्ह दिसतील. फोल्डरवर राइट क्लिक, कॉपी, डेटाच्या पेन ड्राइव्हवर जाऊन पेस्ट.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. इथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, नेहमीचा सी इथे डी म्हणून दिसेल. ज्यात 'विंडोज' आणि 'यूजर्स' दोन्ही फोल्डर आहेत तो तुमचा ड्राइव्ह. 'एक्स' हा रिकव्हरीचा स्वतःचा. आणि कॉपी होताना टक्के दिसत नाहीत, खिडकी गोठल्यासारखी होते. थांबून राहा. एकदम सगळं न घेता एकेक फोल्डर घ्या.

काय घ्यायचं: 'यूजर्स'मधलं तुमच्या नावाचं फोल्डर, विशेषतः डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स. टॅलीचा 'डेटा' फोल्डर, जो बऱ्याचदा 'यूजर्स'मधल्या 'पब्लिक'मध्ये असतो. मराठी टायपिंगचे फॉन्ट. सेवा केंद्र असेल तर पावत्यांचे आणि स्कॅनचे फोल्डर. सी ड्राइव्हच्या मुळाशी कुणी भलत्याच नावाने फोल्डर केलेत का तेही पाहा, लोक तिथेच जास्त ठेवतात. डिजिटल सिग्नेचर टोकनमध्येच असते, ती सुरक्षित आहे.

कॉपी झाल्यावर तो पेन ड्राइव्ह दुसऱ्या पीसीवर लावून चार-दोन फायली उघडून पाहा. मगच पुढे.

६. अपडेट उलटवा

'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये या क्रमाने जा.

आधी 'स्टार्टअप रिपेअर'. एकदा चालवा, फार तर दोनदा. 'दुरुस्त करता आलं नाही' असं म्हणालं तर तिथे वेळ घालवू नका.

मग 'अनइन्स्टॉल अपडेट्स'. यात दोन पर्याय असतात. दर महिन्याच्या अपडेटनंतर बिघडलं असेल तर 'लेटेस्ट क्वालिटी अपडेट' काढा. विंडोजची आवृत्तीच बदलली असेल, १० वरून ११ झालं असेल, तर 'लेटेस्ट फीचर अपडेट'. हा दुसरा पर्याय साधारण दहा दिवसच मिळतो आणि 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डर शाबूत असेल तरच. जागा करायची म्हणून ते फोल्डर कुणी उडवलं असेल तर परतीचा रस्ता संपतो. काढायला अर्धा तास किंवा जास्तही लागतो.

मग 'सिस्टम रिस्टोअर'. अपडेटच्या आधीच्या तारखेचा पॉइंट निवडा. कागदपत्रं जात नाहीत, त्या तारखेनंतर टाकलेले प्रोग्राम आणि ड्रायव्हर जातात.

निळी स्क्रीन ग्राफिक्स किंवा प्रिंटरच्या ड्रायव्हरमुळे वाटत असेल तर 'स्टार्टअप सेटिंग्ज', रिस्टार्ट, आणि ४ दाबून सेफ मोड. हा पर्याय पेन ड्राइव्हने आलेल्या रिकव्हरीत दिसत नाही, डिस्कवरच्या रिकव्हरीतच असतो. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, पूर्ण पासवर्ड माहीत हवा. आत गेल्यावर डिव्हाइस मॅनेजरमधून तो ड्रायव्हर 'रोल बॅक' करा.

७. कमांडने दुरुस्ती

वरचं काही लागू पडलं नाही तर कमांड प्रॉम्प्ट. विंडोजचा ड्राइव्ह पायरी ५ मध्ये डी दिसला होता असं धरून लिहितो, तुमचं अक्षर घाला.

अडकलेलं अपडेट मागे घ्यायची आज्ञा:
डीआयएसएम /इमेज:डी:\ /क्लीनअप-इमेज /रिव्हर्टपेंडिंगॲक्शन्स (dism /image:D:\ /cleanup-image /revertpendingactions)

प्रत्येक '/' या तिरप्या रेषेच्या आधी एक स्पेस, नंतर नाही. अपडेट अर्धवट राहिलेल्या पीसीसाठी ही सगळ्यात उपयोगी आज्ञा, आणि तीच बहुतेक जण वगळतात. झाल्यावर रिस्टार्ट करा. पहिलं सुरू होणं बरंच लांबतं.

लाईट जाऊन डिस्कवरच्या नोंदी विस्कटल्याची शंका असेल तर 'सीएचकेडीएसके डी: /एफ' (chkdsk D: /f). डेटा बाहेर काढलेला नसेल तर ही चालवू नका, मरणाऱ्या डिस्कला हा ताण झेपत नाही. मग फायली तपासायला:
एसएफसी /स्कॅननाऊ /ऑफबूटडिर=डी:\ /ऑफविनडिर=डी:\विंडोज (sfc /scannow /offbootdir=D:\ /offwindir=D:\windows)

बायोसला डिस्क दिसते पण विंडोज सापडत नाही, म्हणजे बूटची नोंद गेली. अनेक जण इथे 'बूटरेक /फिक्सबूट' चालवतात आणि 'ॲक्सेस डिनाइड' येऊन अडतात. त्यापेक्षा 'डिस्कपार्ट' चालवा, 'लिस्ट व्हॉल्यूम' लिहा, एफएटी ३२ प्रकारचा शे-दोनशे एमबीचा व्हॉल्यूम शोधा. तुमच्या पेन ड्राइव्हचाही प्रकार एफएटी ३२ असतो, म्हणून आकार नीट पाहा. 'सिलेक्ट व्हॉल्यूम' आणि त्याचा क्रमांक, 'असाइन लेटर=एस', 'एक्झिट'. मग:
बीसीडीबूट डी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय (bcdboot D:\windows /s S: /f UEFI)

शेवटच्या ओळीत पहिला 'एस' हा आज्ञेचा भाग आहे, दुसरा आपण दिलेलं अक्षर.

८. रिसेट, आणि मगच नवं विंडोज

'रिसेट धिस पीसी'मध्ये 'कीप माय फाइल्स' निवडलं तर कागदपत्रं राहतात, प्रोग्राम जातात. 'क्लाउड डाउनलोड'ला चार जीबीच्या वर डेटा आणि लॅनची केबल हवी.

नवं विंडोज टाकायचंच असेल तर पार्टिशनच्या यादीत फक्त जुना सी निवडा, आकारावरून ओळखा, 'डिलीट' दाबू नका. फॉरमॅट न करता त्याच पार्टिशनवर टाकलं तर जुनं सगळं 'विंडोज डॉट ओल्ड'मध्ये सरकतं, आणि राहून गेलेलं तिथून मिळतं. ते लगेच बाहेर काढा. विंडोज काही दिवसांनी ते फोल्डर स्वतः पुसतं. प्रॉडक्ट की मागितली तर 'की नाही' निवडा आणि पूर्वीचीच होम किंवा प्रो आवृत्ती घ्या. डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं, इंटरनेट मिळताच ॲक्टिव्हेट होतं.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला नेहमीचा आधार थांबवला, तेव्हापासून जुन्या पीसीवर आडमार्गाने ११ चढवण्याचा सपाटा आहे. ११ ला टीपीएम २.० (पीसीतली सुरक्षेची सोय) आणि इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते. कोअर टू ड्युओसारख्या प्रोसेसरवर ११ ची २४एच२ आवृत्ती सुरूच होत नाही, कारण तिला लागणारी एक अंतर्गत आज्ञा (इन्स्ट्रक्शन) त्या प्रोसेसरला येत नाही. असा पीसी अपग्रेडनंतर बंद पडला असेल तर दुरुस्ती एकच, परत १०.

९. चालू झाल्यावर लगेच

'विंडोज अपडेट'मध्ये जाऊन अपडेट काही आठवडे 'पॉज' करा, नाहीतर तेच अपडेट रात्रीत पुन्हा येईल. सी ड्राइव्हवर किमान २० जीबी मोकळी करा. भरलेला सी हे अपडेट फसण्याचं नेहमीचं कारण. 'सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन' फोल्डरमध्ये अर्धवट उतरलेलं अपडेट असतं. 'सर्व्हिसेस'मध्ये विंडोज अपडेट आणि बिट्स (मागून डाउनलोड करणारी सेवा) थांबवून त्या फोल्डरचं नाव बदला, म्हणजे पुढच्या वेळी डाउनलोड नव्याने होईल.

अंगठ्याच्या यंत्राची आरडी सर्व्हिस (ते यंत्र आधारशी जोडणारं सॉफ्टवेअर), टोकनचा ड्रायव्हर आणि प्रिंटर ग्राहक समोर बसण्याआधी तपासा. पॉज उठवाल तो दिवस सुट्टीचा निवडा, जूनच्या दाखल्यांच्या गर्दीतला नको. महावितरणकडे मोबाईल नोंदवलेला असेल तर वीज बंद राहणार असल्याचा एसएमएस येतो, तो पाहून सकाळी गारव्यात अपडेट लावा. बायोसचं अपडेट मात्र इन्व्हर्टर पूर्ण चार्ज असल्याशिवाय करू नका. ते मध्ये तुटलं तर वरची एकही पायरी लागू होत नाही, मदरबोर्ड दुकानातच न्यावा लागतो.

दुकानात न्यायची वेळ आली तर

टिक-टिक करणारी डिस्क, मेलेला एसएमपीएस, फसलेला बायोस या तीन गोष्टींसाठी जळगावच्या गोलाणी मार्केटला किंवा तुमच्या तालुक्याच्या ओळखीच्या माणसाकडे जा. नेताना टोकन, डोंगल, पेन ड्राइव्ह काढून घ्या. डेटा हवा असेल तर "डिस्कवर काहीही लिहू नका, फॉरमॅट नको" हे पावतीवर लिहून घ्या, डिस्कचा सिरीयल नंबर त्याच पावतीवर टाका, आणि बदललेला जुना पार्ट परत मागा. शासकीय पोर्टलचा लॉगिन किंवा टोकनचा पासवर्ड देऊ नका. दुरुस्तीला त्याची गरज पडत नाही.